रंगवाल्याचे सहा हजार

फॉर्म नऊ पानांचा होता. अण्णांनी तो रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर पसरला, चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून भरायला घेतला. मी समोर बसून बँकेच्या उताऱ्यांची पानं तारखेप्रमाणे लावत होते.

कर खात्याची थकबाकी दंड-व्याजासकट तीन लाख बारा हजारांवर गेली होती. एकरकमी भरणं शक्यच नव्हतं. हप्ते बांधून हवे असतील तर घरात काय येतं, काय जातं, काय साठलंय, कोणाचं देणं आहे, हे सगळं त्या नऊ पानांत उघडं करायचं आणि गुरुवारी वसुली अधिकाऱ्यासमोर बसून खाली सही करायची. जमलं नाही तर सोमवारी कार्यशाळेला सील लागणार होतं. नोटिशीत तशी तारीखच होती.

कार्यशाळा म्हणजे घराच्या मागची एक खोली. अण्णा वजनकाटे तपासून दाखले देतात. औषधवाल्यांचे, सराफांचे, प्रयोगशाळांचे काटे. मधोमध दगडी ओटा आणि त्यावर प्रमाण वजनांची पेटी. दहा वर्षांची होईपर्यंत मला त्या पेटीला हात लावायची परवानगी नव्हती, आणि नंतरही वजन उचलायचं ते चिमट्यानेच. अण्णा आता सत्तर वर्षांचे आहेत. त्यांना दुसरं काही येत नाही, आणि येत असतं तरी त्यांनी केलं नसतं.

"विजेचं बिल," ते म्हणाले आणि लिहिलं: १,८५० ± १५०.

"अण्णा, असं नाही लिहीत. एकच आकडा लिहायचा."

"एकच आकडा म्हणजे थाप. दर महिन्याला तेवढंच येतं का?"

"त्यांनी सरासरी विचारलीय."

"मग सरासरी किती इकडेतिकडे होते ते नको सांगायला? उद्या त्यांचीच पंचाईत."

किराण्यापुढेही त्यांनी अधिक-उणे लिहिलं, औषधांपुढेही. चौथ्या पानावर 'नियमित उत्पन्न' होतं. तिथे कामाची सरासरी लिहून झाल्यावर त्यांनी खालच्या ओळीत सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: रंग कारखाना, जुनी बाकी, दरमहा ६,०००.

"इथे अधिक-उणे नाही?" मी विचारलं.

"दोन वर्षांत एकदाही तीन तारीख चुकवली नाही त्याने. कसलं अधिक-उणे?"

मी उतारे लावत राहिले. ते सहा हजार मी भरत होते.

रंगवाला हे अण्णांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्याच्या कारखान्यात बावीस काटे होते. अण्णांच्या पद्धतीत दाखल्याचा आणि बिलाचा नंबर एकच असतो. काटा तपासला की त्याच दिवशी दाखला आणि त्याच नंबराचं बिल. रंगवाला 'पुढच्या महिन्यात नक्की' म्हणत राहिला, अण्णा काटे तपासत राहिले आणि एक दिवस कारखान्याला कुलूप लागलं. कर खात्याच्या लेखी बिल फाडलं म्हणजे उत्पन्न झालं. पैसे हातात आले की नाही, हे तुमचं तुम्ही बघा. कर सल्लागार म्हणाला, ती बिलं रद्द करा, बुडीत दाखवा. अण्णा म्हणाले, "बिलाचा नंबर रद्द केला की दाखला रद्द होतो. माप तर बरोबर होतं. बरोबर माप मी रद्द कसं करू?" सल्लागाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

त्यानंतर अण्णांचं बिनसलं. पैशांचं त्यांना एवढं नव्हतं. "माणूस जोखता आला नाही मला," असं दोन-तीनदा म्हणाले आणि त्यांनी कार्यशाळेत जाणंच सोडलं. फोन घेईनात. असे सतरा दिवस गेले. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि शाळेजवळच राहते. अठराव्या दिवशी शाळा सुटल्यावर समोरच्या बँकेत जाऊन मी त्यांच्या खात्यात सहा हजार रोख भरले आणि स्लिपवर भरणाऱ्याच्या जागी कारखान्याचं नाव लिहिलं. महिन्याचा उतारा हातात पडला तसा अण्णांनी फोन केला. "बघ. बुडवणाऱ्यातला नाही तो. अडचणीत असेल बिचारा." दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्यशाळा उघडली. मग मला थांबता येईना.

रंगवाला देतोय म्हटल्यावर बिलं बुडीत दाखवायचा प्रश्नच मिटला. कर तसाच राहिला, त्यावर व्याज चढत गेलं. मला हिशेब येतो. तरीही हे माझ्या लक्षात आलं ते नोटीस आल्यावर.

रविवारी मी बोलायला हवं होतं. सोमवार, मंगळवार, बुधवार गेले, तेव्हाही.

वसुली अधिकारी पंचेचाळिशीच्या बाई होत्या. त्यांना सर्दी झाली होती. टेबलावर फायली, दोन शिक्के आणि बशीने झाकलेला पाण्याचा पेला. पहिल्या पानावरच त्यांचं पेन थांबलं.

"हे काय आहे, काका? प्रत्येक आकड्यापुढे?"

"ती अनिश्चितता आहे, मॅडम."

"ती माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांचीच असते. लिहून कोणी आणत नाही." त्यांनी रुमालाने नाक पुसलं. "मी मधला आकडा धरते. चालेल?"

"धरा. पण माझं लिहिलेलं खोडू नका."

बाईंनी कॅल्क्युलेटर ओढला. पानं उलटत, उताऱ्यांशी ताडून बघत त्या बेरजा-वजाबाक्या करत होत्या. बाहेर बाकावरचं कोणीतरी खोकत होतं. अण्णा मांडीवर हात ठेवून ताठ बसले होते. परीक्षकासमोर बसावं तसे नाही, उलट समोरचाच काटा बरोबर आहे का हे बघत असल्यासारखे.

"महिन्याला नऊ हजार दोनशे उरतात," बाई म्हणाल्या. "छत्तीस हप्त्यांच्या वर मला देता येत नाही. म्हणजे हप्ता आठ हजार सहाशे सदुसष्ट. जेमतेम बसतंय, पण बसतंय."

अण्णांनी माझ्याकडे बघून मान हलवली. बसतंय.

"फक्त हे एक." बाईंनी उताऱ्यावर बोट ठेवलं. "रंग कारखाना. हा तर बंद आहे ना?"

"बंद आहे, पण मालक जुनी बाकी फेडतोय. थोडी थोडी."

"कुठे असतो तो?"

"गेला तिकडे कुठेतरी, मुलाकडे. लांब."

"आणि पैसे रोख भरतो. दर महिन्याला. याच शहरातल्या एकाच शाखेत."

"कोणाकडून भरून घेत असेल. मॅडम, तुमच्याकडे बुडवे जास्त येत असतील म्हणून सांगतो. या माणसाबद्दल मीसुद्धा वाईट बोललो होतो. चुकलो."

"असेल हो चांगला. मला कागद लागतो." त्यांनी एक छापील पत्र काढलं. "याच्या शेवटच्या पत्त्यावर हे पाठवते. त्याने हो म्हणून कळवलं की झालं. तुम्ही आज सही करून ठेवा."

"आणि नाही म्हणाला तर?" मी विचारलं.

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "तर माहिती खोटी. हप्ते रद्द. आणि खोट्या माहितीवर एकदा रद्द झाले की दुसऱ्यांदा अर्ज घेत नाहीत."

"तो कशाला नाही म्हणेल?" अण्णांनी पेनाचं टोपण काढलं, मागच्या बाजूला लावलं आणि नववं पान पुढे ओढलं. सही करताना ते आधी तारीख लिहितात. त्यांनी तारीख लिहिली.

"अण्णा, थांबा."

"काय?"

"ते पैसे रंगवाला भरत नाही. मी भरते."

त्यांचं पेन कागदावरच होतं. तारखेशेजारी शाईचा ठिपका पसरत गेला, तेव्हा त्यांनी ते उचललं.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"त्याने एकदाही नाही?"

"नाही."

अण्णांनी उतारा स्वतःकडे वळवून घेतला आणि त्या ओळींवरून बोट फिरवत खाली गेले. पान उलटलं. पुन्हा बोट. मला वाटलं ते चिडतील. एखादी ओळ तरी खरी निघते का, हे ते शोधत होते. 

"मी त्याला पत्र लिहिलं होतं," ते म्हणाले. "आभाराचं. उत्तर आलं नाही, तर वाटलं, लाजला असेल."

बाई खिडकीकडे बघत होत्या. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "काका, बाहेर सतरा जण बसलेत. हे सहा हजार काढले तर तुमच्याकडे तीन हजार दोनशे उरतात. त्यात हप्ता बसत नाही. मला नामंजूर लिहावं लागेल."

"बिलं बुडीत दाखवली तर?" मी विचारलं.

"तो अर्ज वेगळा. वरच्या मजल्यावर. कर कमी होईलही, पण वर्ष जाईल. सोमवार त्याच्या आधी येतो." त्यांनी फॉर्मचं पाचवं पान काढून अण्णांपुढे सरकवलं. "इथे एक ओळ आहे. नातेवाइकांकडून मदत. ती तुमच्या हाताने भरलेली लागते."

"मी मुलीकडून पैसे घेत नाही."

"घेताय, काका. दोन वर्षं."

मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. तिथलं सनमायका उचकटलेलं होतं आणि कोणीतरी ते चिकटपट्टीने दाबलं होतं. मागच्या टेबलावर शिक्का मारल्याचा आवाज आला, मग आणखी एक.

अण्णांनी चौथं पान घेतलं. त्यांच्या कामात खाडाखोड चालत नाही, खोडरबर तर नाहीच. चुकलेली नोंद वाचता आली पाहिजे. रंग कारखान्याच्या ओळीवर त्यांनी एकच सरळ रेघ मारली, बाजूला आद्याक्षरं टाकली, तारीख टाकली. मग पाचव्या पानावर लिहिलं: मुलगी, दरमहा ६,०००. पेन तिथेच धरून त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "अधिक-उणे?"

"नाही."

"बरं."

बाईंनी पान घेतलं आणि खणातून एक कोरा फॉर्म काढला. तोच, नऊ पानांचा. तो त्यांनी माझ्या हातात दिला.

"आता ताईंचा. मदत देणाऱ्याला ती परवडते का, हे बघावं लागतं. दोन वाजेपर्यंत द्या, आजच्या आज शिक्का मारते."

पगाराची पावती आणि बँकेचा उतारा माझ्या फोनमध्ये होता. तेवढं पुरेल, असं त्या म्हणाल्या. बाहेर बाकावर जागा झाली होती. मी म्हटलं, "तुम्ही चहा घेऊन या, तोवर मी भरते."

अण्णांनी माझ्या हातातून फॉर्म घेतला, पिशवी आडवी ठेवून त्यावर पसरला आणि टोपण काढलं. "तू सांग. मी लिहितो."

"मी लिहीन ना."

"सांग. पगार?"

मी सांगितला.

"घरभाडं?"

मी सांगितलेला आकडा त्यांनी लिहिला नाही. "एवढं कमी? दोन खोल्यांचं?"

"त्या खोल्या मागच्या वर्षी सोडल्या. आता शाळेतल्या एका बाईंबरोबर राहते. एकच खोली आहे."

"मी दोनदा येतो म्हणालो, तर शाळेत परीक्षा होती."

"हो."

त्यांनी भाडं लिहिलं. किराणा, प्रवास, फोन. मी एकेक आकडा सांगत होते. शिकवताना माझा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जातो, इथे दोनदा त्यांना "काय?" विचारावं लागलं. सातव्या पानावर कर्जाचा रकाना होता.

"काही नसेल इथे," ते म्हणाले आणि रेघ मारायला गेले.

"आहे. शाळेच्या पतपेढीचं."

"किती?"

"ऐंशी हजार. त्यातले बावन्न राहिलेत."

"कशासाठी घेतलंस?"

"कारणाचा रकाना नाही त्यात, अण्णा."

"मी विचारतोय."

शेजारचा माणूस आपला टोकन नंबर पुन्हा पुन्हा वाचत होता. मी म्हटलं, "तीन तारखेसाठी. मधे वर्षभर पगार पुरत नव्हता."

अण्णांनी डोळे मिटले, उघडले. मग बावन्न हजार लिहिले, आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही. पान उलटलं. शेवटच्या पानावर त्यांनी मनातच वजाबाकी केली. कॅल्क्युलेटर त्यांना कधीच लागला नाही.

"सहा हजार देऊन तुझ्याकडे चारशे उरतात."

"पुरतात."

"मी विचारलं नाही. सांगितलं." त्यांनी फॉर्म माझ्यापुढे धरला. "सही तुझी."

दोनला बारा मिनिटं असताना बाईंनी दोन्ही फॉर्म एकमेकांना टाचले आणि शिक्का मारला. पहिला हप्ता पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला. एक जरी चुकला तरी सगळं रद्द, हे त्यांनी दोनदा सांगितलं, एकदा अण्णांना आणि एकदा मला.

जिन्यात अण्णा खाली न जाता वर निघाले. बुडीत बिलांच्या अर्जाची खिडकी वरच्या मजल्यावर होती. दाखले रद्द होतील, हे मी त्यांना म्हटलं नाही. ते कठडा धरून एकेक पायरी चढत होते, मी मागे. वळणावर ते दम घ्यायला थांबले.

"तीन तारखेला बँकेत जाऊ नकोस," ते म्हणाले. "घरी ये. माझ्या हातात दे."

"बरं."

"आणि येशील तेव्हा मला मोजून दे."