खाजणातलं चाक

थेंब बाटलीच्या तोंडाशी आला आणि तिथेच फुगत राहिला — गोल, पारदर्शक, ट्यूबलाइटची एक बारीक रेघ पोटात धरलेला — पण पडेना. मंदाकिनीबाई मान मागे टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून बसल्या होत्या. योगिनीने डाव्या बोटाने त्यांची खालची पापणी ओढून धरली होती. आणि नेमका तेव्हाच एप्रनच्या खिशातला फोन थरथरला. एकदाच, लांब. माणसांचे फोन असे थरथरत नाहीत. माणसांचे तुटक, घाईचे. ही लांब थरथर तिने स्वतः ठरवून दिली होती, एकाच गोष्टीसाठी, आणि चार महिन्यांत ती खरीखुरी अशी कधी आली नव्हती...

थेंब पडला. गालावर.

“सॉरी काकू, परत घालते हं. वर बघा.”

दुसरा थेंब नीट पडला. “डोळे मिटून अजून वीस मिनिटं बसा. बाहुल्या मोठ्या झाल्या की मॅडम आत बोलावतील. जवळचं धूसर दिसेल, घाबरायचं नाही,” हे सगळं ती रोज तीस वेळा म्हणायची तसंच म्हणाली, आणि म्हणता म्हणताच काउंटरमागे सरकून फोन काढला. पडद्यावर एकच ओळ. खाजण : दहा मिनिटं उत्तर नाही.

खाजण हे तिने यंत्राला ठेवलेलं नाव. यंत्र म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढी एक हिरवी पाटी, नुसता बोर्ड, पण पुरा संगणक होता तो — डोंबिवलीच्या मोठागावापलीकडे, खाडीलगतच्या त्यांच्या तळ्यावर, एका लोखंडी पेटीत बसवलेला. तळ्यात जिताडे मासे. दोन वर्षं वाढवलेले, हातभर लांब. आजूबाजूच्या सगळ्यांची खाजणं, खाडीच्या भरतीचं पाणी अडवून केलेली तळी, मातीने भरून त्यांच्यावर इमारती उभ्या राहिल्या होत्या. बाबांनी — गुणाजी म्हात्र्यांनी — एवढं एक तळं ठेवलं होतं, का ते कुणाला सांगितलं नव्हतं. पाण्यात एक नळी सोडलेली, ती पाण्यातला प्राणवायू मोजायची आणि आकडा बोर्डाला सांगायची. आकडा खाली गेला की बोर्ड पाण्यातलं चाक सुरू करायचा, चाक पाणी उडवून त्यात हवा मिसळायचं, आणि मासे जगायचे. इतकं साधं. इतकं साधं सांगता येण्यासाठी तिने वर्षभर जेवणाच्या सुट्टीत या काउंटरमागे बसून फोनवर व्हिडिओ पाहिले होते, आवाज बंद करून, खालच्या अक्षरांवरून.

मग माणसाचा फोन आला. तुटक, घाईचा.

“योगे, लाईट गेल्ती. आत्ता आली. पन चाक फिरत नाय.”

“मासं कसं हायेत?”

बाबांच्या मागे वारा नव्हता. वारा असता तर फोनमध्ये फरफरला असता. तीन दिवस ऊन नाही, वारा नाही, नुसतं दाटलेलं आभाळ... अशा दिवसांत पाणी आतल्या आत गुदमरतं, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं, लहानपणी, शब्दांत नव्हे तर पाण्याकडे बघत उभं राहून.

“वरती आलेत,” बाबा म्हणाले. “तोंडा उघडतान सगली.”

आश्चर्य म्हणजे तिला भीती वाटली नाही — म्हणजे वाटली, पण भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी उसळत होतं, परीक्षेच्या दालनात प्रश्नपत्रिका हातात पडण्याआधी उसळतं तसं. लाज वाटली तिला. मासे मरायला टेकलेत आणि मला हे काय होतंय?

“पेटी उघरून बटन दाबू कं?”

पेटीला कुलूप होतं. किल्ली तिच्या पर्समध्ये, पर्स या काउंटरच्या खणात. बाबा ओल्या हातांनी कशालाही हात लावतात म्हणून कुलूप तिनेच घातलं होतं, आणि बाहेरचं जुनं बटण — जे पोरासोरालाही दाबता यायचं — तेही तिनेच काढून टाकलं होतं. आता सगळं बोर्डामार्फत, बाबा, तू काय बघायला नको. असं म्हणाली होती. केवढ्या रुबाबात!

“किल्ली माझ्याजवल हाय.”

“मंग कोयत्यान् फोरू?”

“नको! आत करंट हाय, बाबा. हात लावू नको. मी इथून करते.”

“तिथून?” बाबा म्हणाले. त्या एका शब्दात थट्टा नव्हती, शंकाही नव्हती. नुसता शब्द. त्यांचे शब्द नेहमी असेच यायचे, मागेपुढे काही न लावता; आणि तिला एकदम ते आठवलं, आत्ता आठवायला नको होतं ते — तिसरं वर्ष, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, आईच्या दवाखान्याच्या फेऱ्या, आणि एका संध्याकाळी ओट्याशी उभी राहून ती म्हणाली होती, मी कॉलेज सोडते. बाबा जाळ्याची गाठ मारत होते. म्हणाले, बरं. रागावले नाहीत. का, असं विचारलं नाही. आठ वर्षं तो शब्द ती चघळत होती. बरं म्हणजे काय? बरं झालं? की तुझ्याकडून एवढंच वाटलं होतं? आई तर त्याच वर्षी गेली, मग कॉलेज सोडलेलं ना आईच्या उपयोगी पडलं ना... जाऊ दे. आत्ता नाही.

“दहा मिनिटं दे मला,” ती म्हणाली.

ठाण्याच्या नौपाड्यातून निघून लोकल धरली तरी डोंबिवलीहून पुढे रिक्षा आणि पायवाट, खाजणात पोचायला दीड तास, तोही लोकल वेळेवर आली तर. म्हणजे जाणं हा मार्गच नव्हता. तिने फोनवर बोर्डाशी बोलायचा काळा पडदा उघडला, ओळ टाइप केली, पाठवली. पडदा गप्प. मग : वेळ संपली. पुन्हा. वेळ संपली. तिसऱ्यांदा बोट उचललं आणि थांबली. थांब, योगिनी. विचार कर. लाइट आली म्हणजे बोर्ड जागा झाला. पण तळ्यावर नेट आहे ते सिमकार्डाच्या डब्यातून, त्याला टॉवर शोधायला वेळ लागतो. आणि बाहेरून त्या डब्यात शिरता येत नाही, म्हणूनच तर मी उलटं केलं — बोर्डानेच बाहेर हाक मारायची आणि ती हाक धरून मी आत जायचं. आणि हाक किती वेळाने मारायची असं लिहिलंय मी?... दर दहा मिनिटांनी. तेव्हा दहा आकडा किती सुटसुटीत वाटला होता.

म्हणजे करण्यासारखं काही नव्हतं. बसायचं.

“काय गं,” बाकावरून मंदाकिनीबाई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच. त्या पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत होत्या, हे त्या मागच्या वेळी आल्या तेव्हा सगळ्या बाकाला कळलं होतं. “मघापासून कुणाला तरी मरू नको मरू नको म्हणते आहेस, पुटपुटत.”

“माशांना, काकू.”

“कुठल्या?”

आणि तिने सांगून टाकलं. का सांगितलं कोण जाणे. कदाचित समोरच्या बाईचे डोळे मिटलेले होते म्हणून. पाणी, चाक, कुलूप, बोर्ड, दहा मिनिटं. बाकावरचे दुसरे दोघे, तेही थेंब घालून बसलेले, कान देऊन ऐकत होते हे तिला दिसलं. मंदाकिनीबाईंनी डोळे उघडले. बाहुल्या एवढ्या मोठ्या झालेल्या की डोळे काळेभोर दिसत होते, तरुण.

“मला काही दिसत नाहीये आता. इथे ये अशी. बस. आणि काय होतं ते मोठ्याने वाच.”

“मॅडमनी बघितलं तर —”

“हेमांगीला मी बघते. तू वाच.”

ती बाकाच्या कडेला टेकली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा. आत डॉक्टर हेमांगीबाईंचा आवाज, वाचा, खालची ओळ, आता त्याच्या खालची. चौथं मिनिट. सहावं. खाजणात बाबा काय करत असतील? बसले नसतील. बांधावर उभे. सातवं... तिने पुन्हा ओळ पाठवली, उगीच, आणि पडदा गप्प राहिला, आणि नवव्या मिनिटाला पुन्हा, आणि —

पडद्याने पासवर्ड विचारला.

“आला!” ती ओरडली. बाकावरचे तिघेही दचकले. घाईत पहिल्यांदा अंगठा चुकला. दुसऱ्यांदा सावकाश, एकेक अक्षर, जसं पाय टाकायच्या आधी चिखल चाचपावा. मग पडदा सरकला आणि डाव्या कोपऱ्यात ती छोटी ओळ उमटली, वर्षभरात शेकडो वेळा पाहिलेली, पण तेव्हा बोर्ड मांडीवर असायचा, किंवा समोर. आधी तिचं नाव. मग ते गोल शेपटीचं ऍटचं चिन्ह. मग यंत्राचं नाव. योगिनी, खाजणात.

खरंच की. मी तिथेच आहे आत्ता. नौपाड्याच्या या फिनेलच्या वासात बसलेली कोण मग? — अंगावर सर्रकन काटा आला, हसू आलं, कानशिलं गरम झाली.

“वाच ना गं!”

“आकडा बघते हां काकू... एक पूर्णांक नऊ.”

“हे वाईट का?”

“तीनच्या खाली वाईट. दोनच्या खाली...” तिने वाक्य सोडून दिलं. चाक का सुरू झालं नाही तेही दिसलं. लाइट गेल्यावर बोर्ड पुन्हा जागा झाला, पण चाक चालवणारा प्रोग्राम आपोआप जागा झाला नव्हता, कारण त्याला उठव असं सांगणारी एक ओळ लिहायची राहिली होती. माझीच ओळ. उद्या लिहू, उद्या लिहू. ठीक. हाताने उठवू. ती टाइप करू लागली. पडदा म्हणाला, असं काही सापडलं नाही. एक अक्षर खाल्लं होतं. पुन्हा.

काही झालं नाही. म्हणजे पडद्यावर काहीच नाही, नुसती पुढची रिकामी ओळ. आणि ती जाणून होती की या यंत्रांची रीतच अशी, सगळं नीट झालं की ती काही बोलत नाहीत, बोलतात ती चुकल्यावरच. माहीत असूनही ते गप्प राहणं सोसवेना. तिने फोन लावला.

बाबांनी उचलला. त्यांनी फोन पाण्याकडे धरला असावा. छप छप छप छप — भरभरून, जोरात, वेगात — तिने घाईने फोन स्पीकरवर टाकला आणि नौपाड्याच्या दुसऱ्या मजल्यावरचा तो छोटा दवाखाना खाडीच्या पाण्याच्या आवाजाने भरून गेला. मंदाकिनीबाईंनी एकच टाळी वाजवली आणि हात तसाच हवेत धरून ठेवला, वर्गाला गप्प बसवताना धरत असतील तसा.

“फिरतंय,” बाबा म्हणाले. “मी हात नाय लावला. आपसूक.”

“आपसूक नाय बाबा. मी.”

“तू.” मग, “योगे. बंद कर.”

“कं?”

“एकदा बंद कर नि परत चालू कर. मना बघायचंय.”

“अरे मासं मरतील!”

“एकदाच गो.”

हे असं मागणं तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी कुणाकडे काही मागितलेलंच तिला आठवत नव्हतं. तिने बंद केलं. आवाज मंदावत थांबला; तिने मनात तीन मोजले; चालू केलं. छप छप छप. आणि त्यावर बाबांचं हसू — खोल, खोकल्यासारखं, पुन्हा पुन्हा उसळणारं. आईच्या वेळचं हसू.

“दोन पूर्णांक एक,” तिने वाचलं. “दोन पूर्णांक चार, काकू!”

“चढतोय!” मंदाकिनीबाई शेजारच्या माणसाला म्हणाल्या, जणू त्याला ऐकू आलं नव्हतं.

अर्ध्या तासाने बाबांचाच फोन आला. दोन जितारं गेली, म्हणाले. बाकीची खाली बसली. दोन गेली म्हणताना आवाज जरा खाली आला, तेवढंच. मग ते फोन ठेवतील असं तिला वाटलं, त्यांची तशी पद्धत होती, बोलणं संपलं की फोन बंद. पण ते तिथेच होते. श्वास ऐकू येत होता.

“मी तुला दिसतंय कं गो तिथून?”

“नाय बाबा. कॅमेरा नाय तिथं. नुसतं आकडं येतात.”

“नाय दिसत?”

“नाय.”

“मना वाटला दिसतंय,” बाबा म्हणाले. “म्हनून सदरा घालून आलो.”

बनियनवर बांधावर उभा असलेला माणूस झोपडीत जाऊन खुंटीवरचा सदरा घालतो, बटणं लावतो — सगळी, गळ्यापर्यंतची — आणि परत येऊन पेटीसमोर उभा राहतो, तोंड पेटीकडे करून, अर्धा तास... माझ्यासाठी. मी बघतेय म्हणून. आणि मी इतकी वर्षं समजत होते की बघायचं काम त्यांचं, आणि ते बघत नाहीत. त्यांनाही वाटत असेल का कधी, संध्याकाळी मी जेवण वाढून मान खाली घालून फोनमध्ये शिरायचे तेव्हा, की ही आपल्याकडे... ती पुढचा विचार करू शकली नाही. तो पुरा करायला भीती वाटली, आणि सोडवेनाही.

“बराच वेल हुभा राह्यलास?” तिने विचारलं.

“हां,” बाबा म्हणाले, आणि ठेवला.

आकडा तीन पूर्णांक चारवर येऊन स्थिर झाला होता. पडद्यातून बाहेर पडायला दोन अक्षरं पुरली असती. तिने ती टाइप केली नाहीत. आतून डॉक्टर हेमांगीबाईंनी पुढचं नाव पुकारलं, ते मंदाकिनीबाईंचं होतं. योगिनीने त्यांचा दंड धरून त्यांना उठवलं, कारण त्यांना पायरी दिसत नव्हती. दारापाशी त्या थांबल्या, त्या मोठ्या काळ्या बाहुल्या तिच्याकडे रोखून, बहुधा तिच्या जागी एक पांढरा धूसर ठिपका बघत.

“हे सगळं शिकलीस कुठे गं तू?”

असंच, काकू. हे उत्तर तयार होतं, जिभेच्या टोकावर, आठ वर्षं जवळ बाळगलेलं. हा प्रश्न आला की ती ते पुढे करायची आणि वळायची. आत्ताही ओठ त्या शब्दासाठी उघडले. पण शब्द आला नाही. छातीत अजून ते पाणी उडत होतं, थांबत नव्हतं, आणि तिला जाणवलं की आपल्याला सांगायचंय — अर्धवट राहिलेल्या तिसऱ्या वर्षासकट, सगळं, अगदी आत्ता, या दारात उभं राहून, आधी या काकूंना, आणि मग घरी जाऊन बाबांनाही. कुठून सुरुवात करायची ते मात्र तिला कळेना. मंदाकिनीबाई वाट पाहत होत्या. आतून पुन्हा हाक आली.

“सांगते,” योगिनी म्हणाली, आणि स्वतःचा आवाज तिला केवढा तरी मोठा वाटला.