तीन बाटल्यांतली वेगळी

आमच्या सूनबाईने जीवाणूंना गुलाबाचा वास बनवायला शिकवलं. गुलाबाची दोन-तीन जनुकं त्यांच्यात घालायची, साखरेचं पाणी पाजायचं, की ते कामाला लागतात, एवढं मला समजलंय. तेही चुकीचं असेल. आमची ही म्हणते, "आपला मुलगा चाळिशीला आला तरी पायमोजे जागेवर ठेवत नाही, आणि हिचे जंतू बघा."

त्या दिवशी प्रयोगशाळेत वासाची चाचणी होती. बारा नाकं हवी होती, एकाला सर्दी झाली, म्हणून मला नेलं. समोर तीन बाटल्या: दोहोंत खरं गुलाबतेल, एकीत जंतूंचं. वेगळी ओळखायची, असं पाच वेळा. खाली खूण करायची, 'खात्री' किंवा 'अंदाज'. कुणी पाचही वेळा खात्रीने ओळखली तर काम सहा महिने मागे. नाहीतर सोमवारी जंतूंची मोठी टाकी सुरू.

"मला जमेल का गं?"

"बाबा, परीक्षा जंतूंची आहे, तुमची नाही."

मी हुंगलं. एका बाटलीत गुलाबाच्या तळाशी ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. ग्रंथालयात गळक्या नळाशेजारच्या कपाटाजवळ मी चाळीस वर्षं काढली आहेत. पाचही वेळा तो आला, आणि पाचही वेळा मी 'अंदाज'वर खूण केली.

कागद तपासताना सूनबाई माझ्यापाशी थांबली. "पाचही बरोबर. अंदाजाने?"

"लागला असेल."

"मग लॉटरीची तिकिटं घेत जा." ती शेजारी बसली. दोन वर्षांची जागरणं डोळ्यांखाली दिसत होती. "बाबा, अंदाज असेल तर नियमाने टाकी सुरू होते. म्हणून नीट विचारते."

गप्प बसणं सोपं होतं. त्याचा मला भरपूर सराव आहे.

"ओल्या पुठ्ठ्याचा वास आहे," मी म्हणालो. "खात्री आहे."

तिने बाटली हुंगली. "मला नाही येत." पुन्हा हुंगली, डोळे मिटून. "येतोय. अगदी तळाशी."

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवरचा सोमवार खोडला.

"सासरे जाच करतात हे ऐकलं होतं," ती म्हणाली. "नाकाने करतात हे आज कळलं. आता दर गुरुवारी यायचं. आणि सकाळी कांदा खायचा नाही."

एखादं तरुण नाक बघ, असं मी म्हणणार होतो. पण तोवर तिने यादीत माझं नाव सगळ्यांत वर लिहिलं होतं.