होडीला पाणी पाजणारा डबा

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना डबा आहे. अंगावर पोचे पुष्कळ आहेत, पण तळ शाबूत आहे, हे आधीच सांगून ठेवतो. डब्याची इभ्रत तळाला असते. माझा जन्म तेलासाठी झाला. पैठणच्या बाजारात मी रिकामा झालो, पत्रेवाल्याने माझं तोंड तिरकं कापलं, वर लाकडी मूठ ठोकली आणि मी धोंडिबांच्या होडीत नोकरीला लागलो. काम एकच, होडीत शिरलेलं पाणी उपसून बाहेर टाकायचं.

धोंडिबांच्या घरी होडीचा धंदा पिढीजात. गोदावरीच्या या काठाचं माणूस ते त्या काठाला पोचवत. मग जायकवाडीचं धरण झालं, नदीचा केवढा तरी जलाशय झाला आणि त्यांचा जुना घाट पाण्याखाली गेला. लोक म्हणाले, आता हे घर बसलं. धोंडिबांनी उलट आणखी मोठी होडी बांधून घेतली. त्यांच्यामागे मुलगा बद्रीनाथ आणि सून दगडाबाई यांनी वल्ही धरली.

होडीच्या तळाशी बसलं की माणसं फार लवकर कळतात. कांद्याची पोती, शेळ्या, वऱ्हाडं, सगळं माझ्या डोक्यावरून गेलं. वरमाई होडीत पाय ठेवताच आधी मला हुडकायची. नवरदेव माझ्याकडे बघायचं टाळायचा. शेळ्या सगळ्यांत समजूतदार. आणि सगळ्यांत मोठ्याने बोलणारा गडी, पाणी पायाला लागलं की सगळ्यांत आधी गप्प होतो. हा माझा आडाखा आजवर चुकलेला नाही.

पुढे शहर वाढलं. जलाशयाचं पाणी मोठ्या नळातून शहराकडे निघालं आणि त्याच्या मागोमाग बद्रीनाथचा मुलगा ऋतुराजही निघाला. त्याला शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरी लागली. लग्न होऊन मोनिका घरात आली आणि दोघांनी पडेगावला बिऱ्हाड केलं.

मग आला सोळा सालचा उन्हाळा. पाणी हटत हटत नजरेपलीकडे गेलं आणि आमची होडी तडकलेल्या गाळावर उताणी पडल्यासारखी पडून राहिली. त्याच दिवसांत ऋतुराज एका पाहुण्याला घेऊन आला. पडेगावच्या रस्त्याला हॉटेल असलेले नानासाहेब. त्यांना होडी हॉटेलच्या दारात ठेवायची होती. वर दिव्यांच्या माळा, आत टेबलं.

"गिऱ्हाईक होडीत बसून जेवेल, दगडाबाई. फोटो काढेल," नानासाहेब म्हणाले.

"बसून जेवायला होडी कशाला, साहेब? बाज न्या की."

ऋतुराजला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. "माय, पाणी कधी येईल कुणाला ठाव? लाकूड वाळलं, फटी पडल्या, की सरपणालाबी कुणी नेणार नाय. त्यापेक्षा होडी देऊन टाकू. तू अन आबा माझ्याकडं चला."

बद्रीनाथ होडीच्या काठावरून नुसता हात फिरवत होते. दगडाबाई म्हणाल्या, "पाणी आलं की हिला या काठावरनं त्या काठाला नेऊ. पोचल्यावर तळात पाणी असलं, तर साहेबांनी न्यावी. मी तोंडातनं शब्द काढणार नाय."

नानासाहेबांनी हसत हसत कबूल केलं. वाळलेली होडी गळणारच, हे त्यांना ठाऊक होतं. ते दगडाबाईंनाही ठाऊक होतं. म्हणून होडी वाळू द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं.

गावाला पाणी टँकरचं. पिण्याच्या घागरीला मी शिवलोही नाही, पण भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, आंघोळीचं पाणी दगडाबाई परातीत धरायच्या आणि माझ्यातून होडीत ओतायच्या. फळ्यांवर ओली पोती पसरायच्या. मित्रांनो, माझी गंमत बघा. जन्मभर मी होडीतलं पाणी बाहेर काढलं, आणि आता बाहेरचं पाणी होडीत घालत होतो.

शेजारच्या गोजरबाईंना राहवलं नाही. "काय गं दगडाबाई, माणसं पारोशी अन होडीला रोज आंघोळ व्हय?"

"तुझं आंघोळीचं पाणी कुठं जातं?"

"जातंय की अंगणात."

"मग अंगणाला काय पोहायला शिकवायचंय? इकडं दे."

दुसऱ्या दिवशी गोजरबाईंची बादली आली. तोंड मात्र वाकडंच होतं.

एका रविवारी ऋतुराजच्या मोटारसायकलला दोन कॅन लटकलेले दिसले. मोनिका मागे बसली होती. "आत्या, आमच्या नळाला रोज कुठं पाणी असतं? पण फिल्टरमधून जे वाया जातं, ते मी साठवलंय," ती म्हणाली. म्हणजे पैठणचं पाणी मोठ्या नळाने शहरात गेलं आणि कॅनमध्ये बसून माहेरी परत आलं.

ऋतुराज दुसरीकडे बघत म्हणाला, "हिनं दिलं. म्या नुसती गाडी चालवली."

"व्हय रं बाबा. होडी विकायला बी तू नाय, गाडीच निघाली असंल," दगडाबाई म्हणाल्या.

त्यानंतर एकही रविवार रिकामा गेला नाही.

पावसाळ्यात जलाशय भरत आला आणि होडी पाण्यात ढकलली. नानासाहेब पांढरे बूट घालून आले होते. माळा कुठे लावायच्या हे ते मोठमोठ्याने सांगत होते. एवढ्यात फळ्यांच्या सांध्यांतून पाणी पाझरलं, बुटाला लागलं आणि ते गप्प झाले. माझा आडाखा तुम्हांला आठवत असेलच.

त्यांनी झडप घालून मला उचललं आणि उपसायला लागले. निम्मं पाणी बाहेर, निम्मं बद्रीनाथांच्या सदऱ्यावर. ऋतुराजचं तोंड उतरलं होतं. वल्हं मारता मारता तो सारखा सांध्यांकडेच बघत होता.

"साहेब, डबा खाली ठेवा," दगडाबाई म्हणाल्या. "तुम्ही उपसलं, तर लोक म्हणतील साहेबांनी होडी कोरडी ठेवली."

"अहो, पण पाणी येतंय."

"उन्हाळाभर आम्ही पाजलं. त्यातलं जरासं परत देतीय. बसा निवांत. एवढं आलंय ते आबा टिपून घेत्याल, पुन्हा आलं तर होडी तुमची."

बद्रीनाथांनी पोत्याने तळ पुसला. लाकूड फुगत होतं, सांधे मिटत होते. भर पाण्यात आम्ही पोचलो तरी तळ नुसता ओलसर. पैलकाठ आला तेव्हा दगडाबाईंनी मला तळावरून फिरवलं. माझ्यात थेंबही आला नाही, नुसता खर्रकन आवाज झाला. आयुष्यात मला इतका गोड आवाज दुसरा ऐकू आलेला नाही.

नानासाहेब उतरले, त्यांनी बुटांकडे पाहिलं आणि ते हसले. "शब्द तो शब्द. पण मला परत न्याल ना?"

"नेऊ की," दगडाबाई म्हणाल्या. "फकस्त डबा नाय द्यायचा हातात."

परतताना ऋतुराजने वल्हं कुणाला घेऊ दिलं नाही.

आता नानासाहेब आपली गिऱ्हाइकं होडीत फिरायला इकडे पाठवतात. मी आडव्या फळीखाली बसून असतो. मला काम नाही, म्हणजे घराचं सगळं ठीक आहे.

मित्रांनो, भरल्या पाण्यात होडीची काळजी कुणीही घेतं. खरी काळजी ती गाळात पडून असते तेव्हाची. म्हणून भाजी धुतलेलं पाणी मोरीत ओतण्याआधी एकदा इकडेतिकडे बघा. तुमच्या घरातही काहीतरी वाळत पडलं असेल.