सागाची रोपं सापडत नाहीत

सासरे जंगलात रखवालदार होते आणि सून त्याच जंगलात झाडं मोजायच्या कामावर होती. त्यामुळे घरात जेवताना विषय झाडांचाच. सासूबाईंना त्याचा वीट आला होता.

जंगल सागाचं, आणि कडक राखीव. चाळीस वर्षं तिथे कुऱ्हाड शिरली नव्हती, गुरं शिरली नव्हती, वणवा लागला तर तासाभरात विझत होता. निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, "यांनी एक काडी बाहेर जाऊ दिली नाही." सासरे हे वाक्य पुढे सात वर्षं भेटेल त्याला ऐकवत होते.

दर दहा वर्षांनी आखलेल्या चौकोनांतली झाडं मोजायची, असा नियम होता. छातीच्या उंचीवर फीत गुंडाळायची, जात लिहायची, खोडावर ठोकलेल्या बिल्ल्याचा नंबर जुळवायचा. यंदाची मोजणी सुनेकडे होती. महिनाभराने ती जेवताना म्हणाली, "बाबा, सागाची रोपं सापडत नाहीत."

"नीट बघ."

"बत्तीस चौकोन बघितले. तीन सापडली. त्यातलं एक वाळलेलं."

"म्हणजे चोर शिरलाय."

"रोपं चोरून कुणी काय करणार?" सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी जुना खाकी सदरा चढवला. पोटावरची दोन बटणं लागेनात, ती तशीच सोडली. गळ्यात शिट्टी अडकवून ते पायवाटेकाठी दबा धरून बसले. दुपारी नव्या रखवालदाराने त्यांनाच पकडलं. त्यांच्याकडे परवाना नव्हता.

सुनेने चौकीत सही करून त्यांना सोडवलं. परतताना ती त्यांना एका चौकोनात घेऊन गेली. वर जुने साग होते, सरळसोट आणि उंच. खाली कमरेइतकी जांभळाची रोपं, इतकी दाट की पाय ठेवायला जागा नव्हती.

"साग सावलीत वाढत नाही, बाबा. त्याला ऊन लागतं. पूर्वी लोक झाडं तोडायचे, गुरं चरायची, पाचोळा जळायचा. जमीन मोकळी व्हायची."

"ते सगळं मी बंद केलं."

"हो." तिला खोटं बोलता येत नसे.

"आणि जांभळाला सावली चालते?"

"मजेत चालते."

सासरे खाली बसले. बराच वेळ कपाळाचा घाम पुसत राहिले. "चाळीस वर्षं मी या जांभळांची राखण केली," ते म्हणाले, "आणि यांच्याकडे ढुंकून बघितलंसुद्धा नाही." मग इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "एखादं झाड पाडलं तर?"

"कडक राखीव आहे."

"ठाऊक आहे. मीच सगळ्यांना सांगायचो."

सुनेने खरे आकडे लिहून अहवाल दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि 'सागाचे राखीव वन' ही पाटी तशीच ठेवायची ठरवली, कारण ती नुकतीच रंगवली होती.

उरलेल्या चौकोनांसाठी सुनेने सासऱ्यांना मदतनीस म्हणून रीतसर परवाना काढून दिला. पहिले दोन दिवस जात सांगताना ते "जांभूळ" असं म्हणायचे, जणू हजेरीत गुन्हेगाराचं नाव घेतायत. तिसऱ्या दिवशी जांभळाच्या एका रोपाला वेलीने विळखा घातलेला दिसला, तसे ते वाकून वेल सोडवायला लागले.

"बाबा, वेलीलाही हात लावायचा नाही."

त्यांनी हात मागे घेतला, सदऱ्याला पुसला आणि पुढच्या बिल्ल्याचा नंबर वाचला.