पहिल्या रांगेतली खुर्ची

पैसे देऊन गाणं ऐकायला दोंडाईच्याकडच्या खेड्यातून थेट सावद्याला जायचं, ही अक्कल आपल्या पोराला सुचली कुठून, असं अभिमननाना आठवडाभर येईल-जाईल त्याला विचारत होते. आपल्याकडे लग्नाचा डीजे लागला की तीन गावांना फुकट ऐकू येतो. कानात बोटं घातली तरी येतो. मग तिकीट कशाचं? त्यात पत्रिकेवर छापलेलं, ‘सहकुटुंब संगीत उत्सव, केळीच्या बागेत’. नानांच्या मते केळीच्या बागेत माणूस पाणी द्यायला जातो, नाहीतर घड तोडायला. कुटुंबाला तिथे नेऊन काय साप दाखवायचे?

एवढं सगळं बोलून झालं आणि निघायच्या दिवशी सगळ्यांच्या आधी, इस्त्रीची टोपी घालून, गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले तेही नानाच.

खरी गोष्ट अशी होती की त्या उत्सवात त्यांची सून दिपमाला गाणार होती, आणि तिचं गाणं ऐकायला नानांचा जीव आसुसलेला होता. ती घरात आली, नात शाळेत जाऊ लागली, तरी त्यांनी ते एकदाही शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. दिपमाला स्कूटीवर बाजारात जायची, बँकेत साहेबाशी भांडून यायची, ग्रामसभेत नानांच्या पुढ्यात उभी राहून नळाच्या पाण्यावर बोलायची. पण सासऱ्यासमोर गाणं? शिव शिव! ही रीत कोणी घातली ते कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ती मोडायची कोणी हेही ठाऊक नव्हतं. वडीलधाऱ्याने घरात शिरताना खाकरायचं आणि सुनेने गप्प व्हायचं. दोघंही आपापलं काम चोख करत. नानांच्या घशाला दुखणं नव्हतं, पद होतं.

हल्ली तर ते मोटरसायकल कोपऱ्यावरच बंद करत आणि चपला हातात घेऊन गोठ्याशी येऊन उभे राहत. घरधनी असून स्वतःच्या घरात चोर! विहिरीवर गेलेल्या एका सासुरवाशिणीचं गाणं दिपमाला म्हणायची, ते त्यांना फार आवडे. पण दुसरं कडवं लागलं की गाय तरी हंबरायची, नाहीतर शेजारचा कोणी ‘काय नाना, उभे का?’ म्हणून ओरडायचा. आत लगेच सामसूम. ती सासुरवाशीण वर्षानुवर्षं विहिरीवरच अडकून पडली होती.

म्हणून या खेपेस नानांनी बेत आखला होता. सावद्याला पोचल्यावर ‘मी गाडीकडे बघतो’ म्हणायचं, केळीच्या आड उभं राहायचं आणि अख्खं गाणं ऐकून घ्यायचं. सुनेला आपण दिसणार नाही, रीतही मोडणार नाही.

प्रवास जसा व्हायचा तसा झाला. उत्सवात बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत अशी सूचना होती, पण नानांच्या बायकोच्या, कमलबाईंच्या मते दशम्या हा खाद्यपदार्थ नसून प्रवासाचाच भाग होता. मुलगा समाधान गाडी चालवत होता. नात ऋतिका अजून किती लांब आहे, ते विचारत होती. दिपमाला मागे बसून नुसते ओठ हलवत होती, आवाज मात्र नाही. नानांना ते आरशात दिसलं. त्यांनी लगेच बाहेरच्या हरभऱ्यात फार लक्ष घातलं.

उत्सव दिसायला छान होता, म्हणजे नानांना नावं ठेवायला भरपूर वाव होता. केळीच्या दोन बागांमध्ये मोकळ्या पट्ट्यात हिरव्या जाळीचा मांडव, खाली गाद्या, कडेला भरीत-पुरीचा स्टॉल. पोरांना बादल्या उलट्या करून ढोल बडवायला शिकवत होते. नानांच्या नातेवाइकांत हे काम पोरं न शिकवता करत आणि त्याबद्दल मार खात. ऋतिकाने गालावर वाघाच्या मिशा काढून घेतल्या. पुण्याहून आलेला एक गिटारवाला डोळे मिटून गात होता आणि लोक जेवायला गेलेत, हे त्याला डोळे उघडेपर्यंत कळलं नाही. नानांनी भरीत दोनदा घेतलं आणि तिखट कमी आहे म्हणून तिसऱ्यांदा घेऊन खात्री करून घेतली.

दिपमालाची पाळी जवळ आली तसे नाना गाडीकडे बघायला निघाले. पण घोडं इथेच पेंड खात होतं. उत्सवाचा यजमान प्रेमराज, केळीवाल्या घरातला मोठा अदबशीर माणूस. गाणाऱ्या बाईचे सासरे गाड्यांमध्ये उभे राहतात म्हणजे काय? त्याने नानांना दंडाला धरून आणलं, गळ्यात शाल घातली आणि पहिल्या रांगेत, स्टेजच्या अगदी नाकासमोर, एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं. बाकी सगळी मंडळी गाद्यांवर. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

दिपमाला माईकपाशी आली. समोर बघते तर सासरे! हात पदराकडे गेला, पदर कपाळावर आला आणि तोंड मिटलं ते मिटलंच. हार्मोनियमवाल्याने सूर दिला. पुन्हा दिला. प्रेमराजला वाटलं, माईक बिघडला. त्याने माईकवर टिचक्या मारून सगळ्या बागेला ऐकवलं की माईक उत्तम आहे. मागे कोणीतरी हसलं.

नानांना घाम फुटला. बसून राहावं तर ती गाणार नाही. उठून जावं तर सगळे म्हणणार, सासरा रागावून गेला, आणि तीही तेच समजणार. मग पुन्हा कधी कोणासमोर तोंड उघडणार नाही, घरातसुद्धा. इकडे आड, तिकडे विहीर. आपल्या एका खुर्चीपायी पोरीचं गाणं बुडत होतं.

नाना उठले. खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि स्टेजकडे पाठ करून बसले.

प्रेमराज धावत आला आणि स्टेज मागे आहे, असं हळूच म्हणाला.

“माले माहीत शे,” नाना म्हणाले. “तोंडवर ऊन ई राहिनं.”

मांडवाला जाळी होती. ऊन शोधूनही सापडलं नसतं. सगळी मंडळी स्टेजकडे बघत होती आणि हा एकटा म्हातारा मंडळींकडे. दोघा-तिघांनी मोबाइल काढले. नानांनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि कोणाला दाद दिली नाही.

मग मागून गाणं सुरू झालं.

पहिलं कडवं, दुसरं कडवं, नानांच्या ओळखीचं. मग तिसरं आलं. सासुरवाशीण विहिरीला सांगत होती, मी हसणं बापाच्या उंबऱ्यावर ठेवून आले, तिथलं कोणी इकडे आलं तर ते घेऊन या म्हणावं. दिपमालाचा आवाज त्या ओळीवर जरा थांबला आणि असा वर चढला की बादल्या बडवणारी पोरंही गप्प झाली. नाना समोरच्या गर्दीकडे टक लावून बघत होते, पण त्यांना कोणी दिसत नव्हतं. आपल्या घरात ही पोर गाते, आणि आपण येताना खाकरतो. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

गाणं संपलं. टाळ्या थांबेनात. नाना तसेच पाठ करून बसलेले. मग माईकवरून दिपमालाचा आवाज आला.

“नाना, आते आठे तोंड करी बसा. आखो एक गानं म्हनसू.”

नाना स्टेजकडे वळले नाहीत. मान खाली घालून ते शालीची किनार तपासू लागले. शेवटी गादीवरून कमलबाई उठल्या आणि त्यांच्या कानाशी वाकल्या.

“फिरा ना आते. बठ्ठा लोकेस्नी देखं तुम्हनं रडनं. तिनी देखं ते काय हुई जाई?”

सगळ्या मंडळींनी बघितलेलं रडवेलं तोंड नानांनी रुमालाने पुसलं आणि खुर्ची फिरवली. दिपमालाने त्यांच्याकडे बघितलं, पदर होता तिथेच राहू दिला आणि दुसरं गाणं सुरू केलं.