जाळीवरच्या अक्षता

प्रेमिलाला त्या प्रोजेक्टरची कुंडली तोंडपाठ होती. हुडकेश्वरच्या त्या शाळेत पाहुणा आला की मुख्याध्यापक गोपाळराव ऐटीत म्हणायचे, "सांगा बाई!" आणि प्रयोगशाळेतली ही मदतनीस घडाघडा सुरू व्हायची. वजन अडीच किलो, उजेड दोन हजार लुमेन, चित्र आठशे बाय सहाशे, दिवा तीन हजार तासांचा. यंत्र पंधरा वर्षांचं, त्याचा दिवा आता बाजारात शोधून सापडत नाही. "याले काही झालं तर घरी बसा," असंही सर वर हसून म्हणायचे. प्रेमिला मात्र हसायची नाही. तिचा करार दरसाल सरांच्या सहीनंच वाढायचा.

आज तपासणीला अरुंधती मॅडम आल्या होत्या. पडदे ओढलेले, पोरं सतरंजीवर, आणि पाचवीतली भूमिका तर यंत्रापासून हातभर अंतरावर, गालाला हात लावून बसलेली. दहा मिनिटं झाली नाहीत तोच आतून कर्र कर्र आवाज यायला लागला. मग गरम झाल्याचा लाल दिवा लुकलुकला.

प्रेमिलाला एकदम आठवलं. खंडेनवमीला शाळेतल्या सगळ्या यंत्रांची पूजा झाली, तेव्हा हिनंच याला टिळा लावून कुंकवाच्या अक्षता वाहिल्या होत्या. त्याही कुठं, तर वरच्या जाळीवर! अगं माय, तांदूळ पंख्यात गेला! पंखा अडकला की दिवा तापतो अन् तापून फुटतो, हे पुस्तिकेतलं तिनंच सरांना वाचून दाखवलं होतं. बोलावं तर नोकरी जाते, गप्प बसावं तर ही पोरगी पुढ्यात.

"सर, बंद करू द्या. पंखा अटकून राहिला," ती कुजबुजली.

"मॅडमसमोर तमाशा काहून करता? चालू द्या," सरांनी डोळे वटारले.

तेवढ्यात कर्रकर्र थांबली. पंखा बंद पडला होता आणि दिवा मात्र जळतच होता. प्रेमिला पुढं धावली. तिनं बटण दाबलं, भूमिकाला दंडाला धरून खेचलं आणि जीव खाऊन ओरडली, "मांगं पळा रे, सगळे मांगं पळा!"

फाट्!

भूमिका बसली होती तिथं सतरंजीवर काचेचा चुरा पडला. पोरं रडायला लागली. कोणीतरी खिडक्या उघडल्या. प्रेमिलानं भूमिकाचा दंड अजून सोडला नव्हता.

यंत्र गार झाल्यावर सरांनी त्याचं झाकण काढलं आणि यंत्र कागदावर झटकलं. काचेबरोबर तांदूळ पडले.

"मीच वाह्यल्या अक्षता, मॅडम. माह्यी चूक झाली," प्रेमिला रडतच म्हणाली.

"पाहा, मॅडम, काय हा अडाणीपणा!" सर कडाडले. "बाई, उद्यापासून येऊ नका."

प्रेमिलानं मान खाली घातली आणि तिची नजर कागदावर गेली. लाल दाणे होते तीन-चार. बाकी चिमूटभर पिवळेधमक, हळदीचे. शाळेत हळदीच्या अक्षता एकच माणूस घरून आणायचा. सरांच्या टेबलावर अन् गाडीच्या बॉनेटवर तसलेच दाणे अजून चिकटलेले होते.

तिची भीती काही गेली नव्हती, तरी तिनं विचारलं, "सर, लाल माह्या. या पिवळ्या कोणाच्या?"

गोपाळरावांनी झटकन कागदावर पंजा ठेवला.

"हात काढा, सर," अरुंधती मॅडम म्हणाल्या.