जमिनीला विचारणारी पहार

मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे. अंगानं लोखंडाची, स्वभावानंही तशीच. जळोचीत एका नव्या घराच्या जिन्याखाली मी उभी असते.

इंदापूरच्या लोहारानं ट्रकच्या मोडक्या एक्सलमधून मला घडवलं आणि या घरच्या मानसिंगरावांनी उचललं. त्यांची एक खोड होती. झाड लावायचं म्हटलं की आधी वर बघायचे, विजेच्या तारा आहेत का. मग मला जागोजागी खुपसून आवाज ऐकायचे. "जमिनीला इचारल्याबिगर खड्डा घ्यायचा न्हाय," म्हणायचे. लोक हसायचे, पण त्यांचं झाड सहसा जळालं नाही. पुढे नवं घर झालं, दारात कुंड्या आल्या आणि मी जिन्याखाली गेले. खरं सांगते, फार वाईट वाटलं.

यंदा मानसिंगराव गेले. आमच्याकडे हल्ली कितीतरी घरं रक्षा नदीत सोडत नाहीत. खड्ड्यात घालून वर झाड लावतात. त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंनी सांगून टाकलं, "कडुलिंब दारातच लावा. गुडघ्यापायी मला लांब जाववत न्हाय. खुर्चीत बसलं की ते दिसाय पायजेत."

सावडण्याच्या आदल्या दिवशी मुलगा दीपक मला घेऊन दारासमोरच्या फाटकाशी आला. वर काळी, मऊ माती होती. हातभर खाली गेले आणि ठण्ण! बांधकामाच्या वेळी तिथंच मिक्सर धुतला होता. सगळा सिमेंटचा थर. दीपकनं ऐकलं, पण आईनं सांगितलेली जागा त्याला सोडवेना. शेजारच्या मकसूदभाईंच्या तारेच्या कुंपणालगत, कोपऱ्यात मात्र मी सरळ आत शिरले. त्यानं दोन्हीकडे खड्डे घेतले आणि वडिलांसारखंच पाणी भरून ठेवलं.

सकाळी फाटकाचा खड्डा तसाच काठोकाठ! पाहुणे सगळे उसवाले. पाणी दिसलं की जीव थंड होणारी माणसं. "वा! जमीन पाणी धरतीया. आता झाड मरत न्हाय," द्वारकाबाईंचे भाऊ गोकुळराव म्हणाले. अहो, कसलं काय! जिथं पाणी जिरत नाही, तिथं मुळ्या कुजतात. मी ओरडले असते, पण मला तोंड कुठं आहे?

रक्षेचं मडकं खड्ड्याशी आलं, तेव्हा दीपकला राहवलं नाही. "आई, थांब. हितं खाली सिमेंट हाय. झाड जगायचं न्हाय."

त्यानं मला तिच्या हातात दिलं. द्वारकाबाईंनी मला पाण्यात सोडलं. ठण्ण. पुन्हा सोडलं. ठण्ण. जन्मभर नवऱ्याच्या हातात माझा आवाज ऐकलेली बाई ती. डोळे भरून आले.

"ते एकदा गेलं. दुसऱ्यांदा न्हाय जाऊ द्यायची मी त्यास्नी."

कोपऱ्यातल्या खड्ड्यातलं पाणी जिरलं होतं. वर विजेची तार नव्हती, ऊनही चांगलं होतं.

"वैनी, माझ्याकडं फांदी आली तरी तोडायचा न्हाय मी," मकसूदभाई म्हणाले.

"पण आई, दारातनं तुला दिसायचं कसं?" दीपकनं हळूच विचारलं.

"येड्या, झाड एकदा लावलं की हलत न्हाय. खुर्ची हलती."

आता त्यांची खुर्ची कोपऱ्याकडे तोंड करून असते आणि आळं मोकळं करायला दीपक मला बाहेर काढतो. मित्रांनो, झाडं जरूर लावा, फोटोही काढा. पण आधी वर बघा, खाली टोचून बघा, पाणी ओतून एक रात्र थांबा. आणि तुमच्या जिन्याखाली माझी एखादी बहीण गंजत असेल, तर तिला हात द्या.

परवा कडुलिंबाला तांबूस पालवी फुटली. द्वारकाबाईंनी पदर सावरला आणि खुर्चीतूनच म्हणाल्या, "आलात व्हय?"